एका कवितेच्या दोन चाली

संस्थेचा महोत्सव आला की जो तो आपापल्या ऐपतीप्रमाणे काही ना काही घेऊन येतो. कोणी देणगी देतो, कोणी मांडवाचा खर्च उचलतो, ज्याला लिहिता येते तो स्मरणिकेसाठी लेख देतो. व्हिएन्ना शहरातील ‘युनिव्हर्सल एडिशन’ ही संगीतलेखन प्रकाशित करणारी संस्था १९०१ साली स्थापन झाली. तिला पंचवीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास तिच्या एका संगीतकाराने संस्थेचा चालक एमिल हेर्ट्स्का यास दोन लहानशी गाणी अर्पण केली. दोन्ही गाणी एकाच कवितेची होती. पहिली चाल त्याच्या विद्यार्थिदशेतील, १९०७ ची. दुसरी १९२५ ची. एवढ्या काळात युरोपचे संगीत कोठून निघून कोठे पोहोचले, ते या दोन चाली शेजारी शेजारी ठेवून पाहावे, असा त्या भेटीमागचा भाव होता. भेट देणाऱ्याचे नाव आल्बान बेर्ग.

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात या परक्या मुलखातील संगीतकाराचे काय काम, असे कोणी विचारील. रौप्यमहोत्सवाच्या त्या भेटीत जेवढे उघड लिहिले होते, त्याहून कितीतरी अधिक न लिहिलेले होते. आणि ते उकलण्यास आपल्या घरची पेटी पुरेशी आहे, एवढेच आमचे उत्तर.

बेर्गचा जन्म ९ फेब्रुवारी १८८५ रोजी व्हिएन्नात झाला. घर सुखवस्तू. वडील व्यापारी, आईचे धार्मिक वस्तूंचे दुकान. चार भावंडांत हा तिसरा. १९०० साली वडील वारले आणि घरावरील छत्र गेले. त्याच वर्षी जुलैच्या २३ तारखेस त्याला दम्याचा पहिला झटका आला. दम्याने जन्मभर पाठ सोडली नाही, आणि २३ या आकड्यानेही नाही. हा आकडा आपल्या कपाळी लिहिलेला आहे असे बेर्ग मनापासून मानीत असे. आपल्याकडे आकड्यांना भिणारी माणसे काही कमी नाहीत, तेव्हा या गोष्टीस हसण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. शिवाय पुढे या आकड्यांचे त्याने जे केले ते हसण्यासारखे नाही.

अभ्यासात तो मागे होता. शाळेतील दोन वर्षे वाया गेली. सतराव्या वर्षी घरातील मोलकरणीपासून त्याला एक मुलगी झाली. पुढच्याच वर्षी परीक्षेतील अपयश आणि हा मनस्ताप यांच्या भरात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला, १९०४ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाला आणि सरकारी हिशेबखात्यात उमेदवार म्हणून चिकटला. दिवसा आकडेमोड आणि रात्री गाणी, असा क्रम सुरू झाला.

गाणी म्हणजे जर्मन भाषेत ज्यांना ‘लीड’ म्हणतात ती. एखाद्या चांगल्या कवीची कविता घ्यावी, तिला एका गळ्यासाठी चाल लावावी, आणि साथीला केवळ पियानो असावा. ही साथ आपल्या पेटीसारखी गायकाच्या मागोमाग जात नाही. ती स्वतंत्रपणे बोलते, कधी गायकाला दुजोरा देते, कधी त्याच्या मनातले उघड करते. आपल्या भावगीताशी या प्रकाराचे नाते सहज जुळेल. शुबर्ट, शूमान, ब्राम्स यांनी हा प्रकार थोरपणास नेला होता, आणि बेर्गला त्याखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. रीतसर शिक्षण मात्र काहीच नव्हते. १९०४ च्या शरदात आर्नोल्ड शोनबर्ग शिकवण्या घेतो अशी जाहिरात त्याच्या वडील भावाच्या दृष्टीस पडली. आल्बानला न सांगताच भावाने त्याची काही गाणी उचलली आणि शोनबर्गला नेऊन दाखवली. शोनबर्ग स्वतः ओढगस्तीत दिवस काढीत होता. तरी मुलाची ऐपत पाहून त्याने सुरुवातीस फी घेतली नाही. या शिष्याला गाण्याबाहेर विचारच करता येत नाही, वाद्यांसाठी एक साधी रचना त्याला बांधता येत नाही, अशी गुरूची तक्रार होती. ती दूर होण्यास सहासात वर्षे लागली. गुरू-शिष्य हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. गुरूचे हिशेब पाहणे, त्याच्या रचनांची मुद्रिते तपासणे, त्याचे बोलणे निमूट ऐकून घेणे, हे सारे बेर्गने केले, आणि प्रौढपणीही त्या धाकातून तो पुरता सुटला नाही.

१९०७ साली त्याने थिओडोर श्टोर्म या एकोणिसाव्या शतकातील कवीची एक आठ ओळींची कविता घेतली. आपल्या हातांनी माझे डोळे मीट, म्हणजे माझी व्यथा शांत होईल, अशी प्रेयसीला केलेली ती विनवणी आहे. वेदना लाटेमागून लाट निजत जाते आणि अखेरीस हृदयात केवळ ती उरते. बेर्गने तिला लावलेली पहिली चाल सरळ, मऊ आणि काहीशी लाजरी आहे. तिचा आधार सी मेजर, म्हणजे पेटीवरील पांढरी एकला षड्ज मानून वाजविलेले शुद्ध स्वरांचे सप्तक. सूर वाटेत थोडे भटकतात, पण घर कोठे आहे हे ऐकणाऱ्यास सदैव ठाऊक असते. याच सुमारास हेलेन नाहोव्स्की ही तरुणी त्याच्या आयुष्यात आली. ती गात असे. तिच्या वडिलांना हा दमेकरी, पोटापाण्याचा भरवसा नसलेला जावई मुळीच पसंत नव्हता. चार वर्षे झगडून ३ मे १९११ रोजी त्यांनी विवाह केला. अभ्यासक ही पहिली चाल हेलेनशी जोडतात, आणि ते ऐकताच पटते.

मधल्या अठरा वर्षांत पुष्कळ घडले. १९१० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या चार गीतांच्या दुसऱ्या संग्रहातील शेवटच्या गीतात त्याने षड्जाचे घर सोडून दिले. १९१२ मध्ये पेटर आल्टेनबर्ग या लेखकाच्या पोस्टकार्डावरील मजकुरांना त्याने वाद्यवृंदासह चाली लावल्या. त्यांतील तिसऱ्या गीताच्या आरंभी सप्तकातील बाराही स्वर एकाच वेळी वाजतात. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नाच्या प्रसिद्ध सभागृहात शोनबर्गने यांतील दोन गीते सादर केली, तेव्हा श्रोत्यांत हाणामारी झाली, पोलीस आले आणि कार्यक्रम अर्धवट बंद पडला. या गीतांचा संपूर्ण संच लोकांसमोर यावयास १९५३ साल उजाडावे लागले. तोवर कर्त्याला जाऊन सतरा वर्षे झाली होती. पुढे महायुद्ध आले. दम्यामुळे बेर्गची रवानगी कचेरीत झाली. एका गरीब, छळलेल्या शिपायावरील ‘वोत्सेक’ हे त्याचे संगीतनाटक याच काळात आकाराला आले, आणि १४ डिसेंबर १९२५ रोजी बर्लिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग होऊन बेर्गचे नाव युरोपभर झाले. त्यावर लिहावयाचे तर दुसरा लेख हवा. आम्हांस त्या वर्षीच्या लहान गाण्याकडे वळावयाचे आहे.

त्याआधी शोनबर्गच्या नव्या पद्धतीविषयी दोन शब्द. षड्ज सोडल्यावर उभे कशावर राहावयाचे, हा प्रश्न दहाबारा वर्षे सर्वांना छळत होता. शोनबर्गने १९२१ ते १९२३ या काळात त्याचे उत्तर शोधले. सप्तकात शुद्ध-विकृत धरून बारा स्वर असतात. हे आपणांसही परके नाही. आपला राग त्यांतून निवड करतो. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य, मारव्यात पंचम वर्ज्य. कोणी वादी, कोणी संवादी, आणि साऱ्यांवर षड्जाची नजर. शोनबर्गने नेमके उलटे केले. बाराही स्वर घ्यावयाचे, कोणी वर्ज्य नाही, कोणी वादी नाही. रचनाकाराने आधी या बारांची एक मालिका ठरवावी. तत्त्वतः सर्वांची पाळी येईपर्यंत एकाही स्वराने पुन्हा पुढे यावयाचे नाही. हीच मालिका उलट्या क्रमाने घेता येते. चढ तेथे उतार करून आरशातील प्रतिबिंबासारखी घेता येते. त्या प्रतिबिंबालाही उलटवता येते. आणि या चारही रूपांचा आरंभ कोणत्याही पट्टीतून करता येतो. स्वर एकामागून एक यावेत असेही नाही, दोनचार मिळून एकत्र वाजले तरी चालतात. गळा आणि पियानो यांचे गाणे असेल तर मालिकेतील काही स्वर गायकाने घ्यावे, उरलेले पियानोने पुरवावे, अशीही वाटणी होते.

हे वाचून कोणासही वाटेल की हा हिशेब झाला, संगीत कोठे आहे? त्या काळी पुष्कळांनी हेच म्हटले. आम्हीही पूर्वी त्याच मताचे होतो.

१९२५ च्या मे महिन्यात ‘वोत्सेक’मधील काही भाग प्रागमध्ये वाजणार होते, म्हणून बेर्ग तेथे गेला. हेर्बर्ट फुक्स-रोबेटिन या उद्योगपतीच्या घरी तो पाहुणा होता. यजमानीणबाई हान्ना ही फ्रान्झ वेर्फेल या प्रसिद्ध लेखकाची बहीण. तिला दोन मुले होती. थोड्याच दिवसांच्या त्या मुक्कामात बेर्ग तिच्यात गुंतला, तो पुढील दहा वर्षे सुटला नाही. दोघांनीही आपापले संसार मोडले नाहीत. पत्रे गेली ती विश्वासू माणसांच्या हातून. वेर्फेलची सहचारिणी आल्मा माहलर ही त्यांत होती, आणि बेर्गचा तरुण शिष्य आडोर्नो, जो पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजला, तोही. व्हिएन्नात हेलेनला मात्र नेहमीसारखीच प्रेमळ पत्रे जात राहिली.

त्या वर्षी बेर्गने अठरा वर्षांपूर्वीची तीच आठ ओळींची कविता पुन्हा उघडली. बारा स्वरांच्या मालिकेवर संपूर्णपणे उभी केलेली ही त्याची पहिली रचना. वाचकांनी आता पेटी पुढे घ्यावी. मालिका अशी आहे: पांढरी चार, पांढरी तीन, पांढरी एक, पांढरी सहा, पांढरी पाच, पांढरी दोन; मग काळी चार, काळी एक, काळी दोन, काळी तीन, काळी पाच; आणि शेवटी पांढरी सात. म्हणजे पहिल्या सहा स्वरांत एकही काळी नाही, पुढच्या सहांत पाचही काळ्या आणि एकच पांढरी. त्यांचा क्रम बदलून पाहावा. पांढरी चार, एक, पाच, दोन, सहा, तीन असे वाजविले तर प्रत्येक स्वर मागच्याचा पंचम आहे. दुसऱ्या अर्ध्यातही पांढरी सातपासून निघून काळी तीन, एक, चार, दोन, पाच असे गेले तर तेच. ज्या षड्ज-पंचम भावावर आपले सारे गाणे उभे आहे तो मोडलेला नाही. तो दोन ओंजळींत वाटून लपवला आहे. आणखी गंमत अशी की मूळ मालिकेतील लागोपाठच्या स्वरांमधील अंतरे चढत्या दिशेने मोजली तर ती अकरा भरतात आणि अकराही निरनिराळी. एकाही अंतराची पुनरुक्ती नाही. मालिका बांधण्याची ही किमया बेर्गच्या फ्रिट्झ हाइनरिश क्लाइन नावाच्या शिष्याची. ती त्याने गुरूला दिली आणि गुरूने आनंदाने घेतली.

गळ्यासाठी बेर्गने हीच मालिका सरळ क्रमाने योजली आहे आणि एक फेरी संपली की दुसरी सुरू होते. कवितेतील जर्मन अक्षरे मोजली तर ती साठ भरतात. बारा पंचे साठ, हा हिशेब बेर्गसारख्या आकडेवेड्याच्या नजरेतून निसटला असेल असे आम्हांस वाटत नाही. पियानो तेच स्वर वेगळ्या घड्या घालून मांडतो, त्यामुळे गायिका एकटी पडत नाही आणि तिला ठरावीक साथही मिळत नाही. गाणे दीडदोन मिनिटांचे. पहिल्यांदा ऐकताना पाय ठेवावयास जागा सापडत नाही. पण दोनतीनदा ऐकावे, म्हणजे पांढऱ्या स्वरांच्या उजेडातून काळ्यांच्या सावलीत जाणारी ती चाल ओळखीची वाटू लागते. पहिली चाल शांततेची खात्री असलेल्या तरुणाची आहे. दुसरीत तीच शांतता मागितली आहे, पण ती मिळेल असा भरवसा नाही. शब्द एकही बदललेला नाही.

आता त्या मालिकेचा पहिला आणि शेवटचा स्वर पाहावा. आपण ज्यास पांढरी चार म्हणतो त्यास जर्मन लोक एफ म्हणतात; आणि पांढरी सात, जिला इंग्रज बी म्हणतात, ती जर्मनांची एच. फुक्समधील एफ आणि हान्नामधील एच. हा योगायोग असावा असे म्हणता आले असते. परंतु याच मालिकेवर बेर्गने लगेच ‘लिरिक स्वीट’ या तंतुवाद्य-चतुष्टयाचा पहिला भाग रचला, आणि तेथे संशयाला जागा ठेवली नाही. त्या रचनेत स्वतःच्या नावातील ए आणि बी व तिच्या नावातील एच आणि एफ हे चार स्वर त्याने एकत्र गुंफले. मात्रांची संख्या आणि लय २३ व १० या आकड्यांच्या पटीत बांधली. २३ स्वतःचा आकडा, १० तिचा. जगाला दाखविण्यासाठी हे चतुष्टय त्सेम्लिन्स्की या संगीतकाराला अर्पण केले होते, जसे गाणे हेर्ट्स्काला. ८ जानेवारी १९२७ रोजी व्हिएन्नात ते प्रथम वाजले, आणि मंडळींनी त्याच्या शास्त्रशुद्ध बांधणीची तारीफ केली.

येथे आम्हांस आमचे जुने मत बदलावे लागले. नियम कोरडा आहे असे आपण म्हणतो, पण या माणसाला नियमाची गरज होती. जे कोणाजवळ बोलता येत नव्हते ते ठेवावयास त्याला दुसरी जागा नव्हती. तथापि एक सल उरतो. ज्या कवितेवर हेलेनच्या आठवणीचा पहिला हक्क होता तीच बेर्गने दुसरीसाठी उचलावी, आणि मग दोन्ही चाली एका अर्पणपत्रिकेखाली जोडून छापावयास द्याव्यात, याचे समर्थन आम्हांस करता येत नाही. गाणे उत्तम आहे म्हणून ते धुऊन निघते असेही नाही. १९३० मध्ये दोन्ही गाणी ‘डी म्युझीक’ या जर्मन मासिकात एकत्र छापून आली. त्याआधी १९२८ मध्ये आपल्या विद्यार्थिदशेतील सात गाण्यांना बेर्गने वाद्यवृंदाची साथ लिहिली. ती सात हेलेनला अर्पण केलेली आहेत. पियानोच्या साथीचे गाणे मात्र १९२५ नंतर त्याने पुन्हा लिहिले नाही.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. शोनबर्गला देश सोडावा लागला. बेर्ग ज्यू नव्हता, तरी त्याचे संगीत तेथील रंगभूमीवरून नाहीसे झाले आणि उत्पन्न आटले. १९३२ मध्ये त्याने ऑस्ट्रियाच्या कारिन्थिया प्रांतात एक घर घेतले होते. तेथे ‘लुलू’ हे दुसरे संगीतनाटक पुरे करीत असता १९३५ च्या एप्रिलमध्ये आल्मा माहलरची अठरा वर्षांची मुलगी मानोन वारली. बेर्गने ‘लुलू’ बाजूला सारून तिच्या स्मरणार्थ व्हायोलिन कॉन्चेर्टो काही महिन्यांत लिहून काढला. त्यातही बारा स्वरांची मालिका आहे, आणि तिच्या शेवटच्या चार स्वरांतून बाखच्या एका प्रार्थनेची चाल अलगद उमटते. त्याच उन्हाळ्यात त्याला एक कीटक चावला, गळू झाले, विष रक्तात भिनले. २३ डिसेंबर हा दिवस त्याने तारीख विचारून धास्तीने काढला, आणि मध्यरात्र उलटल्यावर, २४ डिसेंबर १९३५ च्या पहाटेपूर्वी त्याचा प्राण गेला. वय पन्नास.

हेलेन त्याच्या मागे चाळीस वर्षांहून अधिक जगली. पतीची स्मृती तिने देवघरासारखी जपली. ‘लुलू’चा अपुरा तिसरा अंक दुसऱ्या कोणी पुरा करण्यास तिने हयातीत संमती दिली नाही, तीन अंकी प्रयोग पॅरिसमध्ये झाला तो १९७९ साली. १९६५ मध्ये पतीने आपल्याला लिहिलेल्या पत्रांचा जाडजूड ग्रंथ तिने प्रसिद्ध केला. ३० ऑगस्ट १९७६ रोजी तिचे निधन झाले.

त्यानंतर पाच महिन्यांनी, १९७७ च्या जानेवारीत, जॉर्ज पर्ल या अमेरिकन अभ्यासकाला हान्नाच्या मुलीकडे ‘लिरिक स्वीट’ची एक छापील प्रत आढळली. घरदार सोडून अमेरिकेत गेलेल्या त्या कुटुंबाने ती सांभाळली होती. पानापानांवर बेर्गच्या हातच्या खुणा होत्या, तांबड्या, निळ्या आणि हिरव्या शाईच्या: कोणते स्वर कोणाच्या नावाचे, कोणता आकडा कोणाचा, कोणता भाग तिच्या मुलांचा. शेवटच्या भागात तर व्हायोलिन-व्हिओलाच्या ओळींखाली एका कवितेचे शब्द लिहिलेले होते. पन्नास वर्षे जगाने जे निव्वळ वाद्यसंगीत म्हणून ऐकले होते, तेही एक गाणेच होते.